‘रिजिड’चं खरं वाक्य

इंग्रजी शब्दांना पोटच्या पोरांसारखं जपणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते. देवगाव रंगारीकडच्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरात जन्मलेले सर डिक्शनरी पाठ करत करत मास्तर झाले, आणि निवृत्तीनंतर गप्प बसतील तर ते सर कसले! रोज सकाळी सातला ते गच्चीवर आम्हा प्रौढांना फुकट इंग्रजी शिकवतात. सातला दार बंद. एकदा दूध आणायला गेलेल्या सरांनाच उशीर झाला, तर त्यांनी जिन्यात उभं राहून दाराबाहेरून धडा घेतला. आठवड्याला एक शब्द, आणि त्याचं वाक्य आपल्याच आयुष्यातलं, अगदी खरं हवं. पुस्तकातलं दिलं की सर म्हणणार, "हे तुमचं नाय. दुसरं सांगा."

गेल्या महिन्यात ‘रिजिड’ आला. "खांब ताठ असतो, त्याचं ते कामच हाय," सर खडू आपटत म्हणाले. "जिथं वाकायला पायजे तिथंबी वाकत नाय, तो रिजिड!" मी लगेच सोसायटीच्या चेअरमनचं नाव घेतलं, कुणी सासूचं. सर खूश होते. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून काकू उठल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सातवी शिकलेल्या. वर्गात त्याही नवऱ्याला ‘सर’च म्हणतात.

"माय हजबंड इज रिजिड, सर," काकू म्हणाल्या. "ही इज नॉट टॉकिंग टू अवर डॉटर. टू इयर्स."

कुणी हसलं नाही. एमएस्सी झालेल्या त्यांच्या लेकीनं नोकरी सोडून लासूर स्टेशनजवळ शेळीपालन सुरू केलं होतं. "ज्या शेळ्यांमागून मी पळून आलो, त्यांच्यामागंच गेली," एवढं म्हणून सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. मग म्हणाले, "वाक्य बरोबर हाय. खरंबी हाय." नियम स्वतःवर उलटला तरी त्यांनी तो मोडला नाही, याचा मला फार अभिमान वाटला.

रविवारी ते माझ्या गाडीत येऊन बसले. "लासूरला चला," एवढंच बोलले. मागच्या सीटवर काकू मांडीवर डबा धरून बसल्या. आम्हाला पाहून लेक गोठ्याच्या दारातच थबकली. जमवलेल्या एवढ्या शब्दांतला एकही सरांना सापडेना. ते सरळ एका शेळीजवळ जाऊन खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"खुरं लई वाढलीत हिची, बाई," ते म्हणाले. "कात्री आण."

लेक ओढणीनं डोळे पुसत धावली. सरांचा हात इतका सराईत चालेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांचा तो मऊ आवाजही इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी ऐकला नव्हता. एकीची खुरं झाली, तशी लेकीनं दुसरी आणली, मग तिसरी. पुढं पुढं तर खुरं न वाढलेल्याही आणू लागली, आणि सर त्यांचेही पाय मांडीवर घेत राहिले.