लायलक लवकर फुलली त्या वर्षी

ट्रॉयमध्ये आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहायच्या. नात्यातल्या नाहीत, पण मिशिगनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात बर्फावर कसं चालायचं ते त्यांनीच हात धरून शिकवलं होतं. त्यांच्याकडे कुंडीत माणसाच्या उंचीचा कढीपत्ता होता, काकांनी बी रुजवून वाढवलेला. काका जाऊन चार वर्षं झाली होती. टेक्सासला प्लेनोत राहणारा त्यांचा मुलगा बोलावून बोलावून थकला, पण काकू हलायचं नाव घेत नव्हत्या. "ह्यांच्या झाडाला तिथे कसं नेऊ?" एवढंच म्हणायच्या.

हिवाळाभर झाड घरात, खिडकीशी. बाहेर कधी काढायचं याचा काकांनी नियम बसवला होता: त्यांच्या कुंपणाजवळची लायलक, म्हणजे सुवासिक फुलांचं झुडूप, फुलली की. ती मेच्या मध्याला जांभळी व्हायची, आणि मग थंडी परत यायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही नियम चुकला नव्हता.

२००७ च्या सुमारास भावाच्या आजारपणासाठी काकू पुण्याला गेल्या आणि झाड माझ्याकडे आलं. त्या वर्षी सगळंच विचित्र चाललं होतं. जानेवारीत लॉन हिरवंगार, मुलांची बर्फावर घसरायची स्लेड गराजमध्ये पडून. मॅपलला केव्हाच पालवी फुटलेली. आणि एप्रिल संपायच्या आत लायलक फुलली. मला कोण आनंद झाला. कॉलिंग कार्डावरून पुण्याला फोन लावून काकूंना कळवलं.

"एवढ्यात?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फुलली असेल तर काढ बाहेर."

काढलं. त्याच वीकेंडला नणंदेच्या डोहाळजेवणाला न्यू जर्सीला जायचं होतं. निघताना नवरा म्हणाला, "वेदर चॅनेलवर फ्रॉस्ट दाखवतायत, रात्री दव गोठणार. कुंडी गराजमध्ये घेऊ या, दोन मिनिटांचं काम आहे."

मी साडी नेसून तयार होते, फ्लाइटची घाई होती, आणि स्वभाव हा असा, कुणी शहाणपणा शिकवला की माझं डोकंच फिरतं. "काकांना तुमच्या टीव्हीपेक्षा जास्त कळत होतं," असं म्हणून मी गाडीत जाऊन बसले.

दोन दिवसांनी परत आलो तर लायलकची फुलं करपून तपकिरी झाली होती आणि कढीपत्त्याची पानं काळी पडून लोंबत होती. कुंडी घरात घेतली, छाटणी केली, रोज बुंध्याशी कोंब शोधला. काही आलं नाही.

काकू जूनमध्ये परतल्या. त्यांनी नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. मी रडायलाच लागले, तर उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "तुझी काय चूक? काढ असं मीच म्हणाले. इतक्या लवकर फुलली म्हटल्यावर मला कळायला नको? ह्यांचं एवढं एक होतं माझ्याजवळ, तेही मला सांभाळता आलं नाही."

गराजचं सांगायला मी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होते. मग म्हटलं, "चहा टाकते."

ऑगस्टमध्ये त्यांच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. काकू प्लेनोला गेल्या त्या स्वतःलाच दोष देत, आणि मी तो त्यांना घेऊ दिला.