पऱ्हाटीत बोलणाऱ्या डब्या

ज्या काळजीने माझी झोप उडाली होती, ती आधीच सांगून टाकते. माझी मुलगी जुई तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कान अगदी व्यवस्थित. डॉक्टर म्हणाले, "थोडं थांबा." आणि माझी नोकरी काय? शेतात लावलेल्या सेन्सरच्या डब्या वायरशिवाय एकमेकींशी नीट बोलतात की नाही, ते तपासण्याची! चिखलीजवळ एका कपाशीच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत पऱ्हाटीच्या, शेतात हे हंगामभर चाललं. गोळा करायला गेले ओलाव्याचे आकडे, आणि पदरात पडले हे किस्से.

* * *

जूनमध्ये पेरणी झाली आणि आम्ही डब्या गुडघाभर खुंट्यांवर बसवल्या. या टोकाची डबी निरोप पाठवी, त्या टोकाची "पोचला" म्हणे. शंभरातले शंभर! मी ऐटीत रिपोर्ट पाठवला.

सप्टेंबरात निम्मे निरोप गायब. चूक माझीच असणार, या खात्रीने मी दोन दिवस कोड चाळत बसले. शेवटी शेताचे मालक शालिकभाऊ म्हणाले, "ताई, पऱ्हाटी डोक्याएवढी झाली. मधात माणूस बसला तं दिसत नाही, तुमच्या डबीचं बोलणं कसं जाईन? उंच बांधा न तिले!"

बांधल्या. निरोप पोचू लागले. माझं एम.टेक. मात्र त्या खुंटीपाशीच राहिलं.

* * *

डब्यांना झाकणं करून दिली रशीदभाईंनी. चिखलीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांना मी मोठ्या कौतुकाने समजावत होते, की निरोप कसा जातो, त्याचे इशारे आधी कसे ठरवून ठेवावे लागतात.

"मॅडम, हे तं आमच्या घरी कवाचं चालू हाय! एक मिस कॉल म्हणजे जेवाले या. दोन म्हणजे पाहुणे आले, दूध घेऊन या."

"आणि दोनातला एक वाटेत हरवला तर?"

"मंग पाहुण्याले काळा चहा!"

* * *

सात नंबरची डबी सारखी "ओल आहे" म्हणायची. पावसाने दडी मारलेली, बाकी शेत कोरडं ठाक. मी सेन्सर बदलला, केबल बदलली. तरी ओल!

एकदा पाहते तर शालिकभाऊंच्या आई, कासाबाई, बाटलीतलं उरलेलं पाणी त्या डबीच्या बुडाशी ओततायत.

"आजी, हे काय?"

"तूच तं म्हणली होती, माती सुकली का हे तुया फोनवर बोंबलते. म्या म्हटलं, लेकुरवाळी बाई तू. काऊन तुले तरास?"

मी सेन्सर बदलणं थांबवलं. सात नंबरचे आकडे मात्र आजही रिपोर्टात नाहीत.

* * *

त्या वर्षी बोंडअळी आली. बोंड फोडावं तर आत अळी. डिसेंबरात शालिकभाऊंनी उभं पीक उपटून टाकलं. डब्या काढून न्यायला मला उशीर झाला होता. पोचले तेव्हा सगळं शेत मोकळं, फक्त प्रत्येक डबीभोवती चार-चार झाडं उभी.

"भाऊ, डब्या काढून ठेवायच्या होत्या ना!"

"लाइट लुकलुकून राह्यला होता न, ताई. बोलून राह्यलेल्याले मधातच कसं तोडाव?"

त्यांचं पीक गेलं होतं, आणि मी विचारलं ते डब्यांचं. निरोपांवर पगार घेणारी बाई मी! त्यांनीच चहा मागवला.

* * *

त्या दिवशी जुई सोबत होती. पाळणाघराला सुटी असली की ती दिवसभर कासाबाईंपाशी असे. मी डब्या सोडवत होते, आणि तोंडाची टकळी चालूच. "जुई, ही डबी. म्हण, डबी! हे झाड. म्हण, झाड! बरं, आई तरी म्हण!"

"तू तिले बोलू देशीन तवा ते बोलन न, पोरी," बांधावरून कासाबाई म्हणाल्या.

मी ओशाळले. पण गप्प बसेन तर मी कसली! शेवटच्या डबीपाशी एक चिमुकलं पाखरू येऊन बसलं. "जुई, बघ! म्हण, पा... ख..."

जुईने मातीने माखलेला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"चूप न बे, आई. पाखरू बोलून राह्यलं."