धुऊन दिलेलं तेल

पंचेचाळिशीत पीएच.डी. करणाऱ्या बाईकडे लोक एक तर कौतुकाने बघतात, नाही तर काळजीने. मला दोन्हींचा राग येतो. झाशीच्या सदर बाजारात भाजी घेताना कोणी 'मैडम, हुआ कि नहीं?' असं विचारलं की मी चिडून एक किलोच्या जागी दोन किलो दोडकी घेऊन घरी यायची. आई म्हणायची, "अगो, रागाने का होईना, भाजी आली घरात."

माझं काम ऐकायलाच घाणेरडं वाटतं. खाद्यतेल शुद्ध करताना मागे काळपट, आंबूस वासाचा चिकट गाळ उरतो. त्यात आम्ल घातलं की वर जाड, तपकिरी तेल तरंगतं. ते कोणाच्या पोटात जायच्या लायकीचं नसतं, साबणवाले उचलतात. हेच तेल मी एका पोलादी नळीत, हायड्रोजनच्या दाबाखाली, चांगलंच तापवून उत्प्रेरकाच्या बारीक गोळ्यांवरून सोडते. तेलातला ऑक्सिजन बहुतेक पाणी होऊन सुटतो आणि खाली थेंबाथेंबाने डिझेल जमतं. दिसायला पाण्यासारखं नितळ, आणि जमिनीतून उपसावं न लागलेलं. उत्प्रेरक या कामात खर्ची पडत नाही, पण नाजूक असतो. तेलातले क्षार आणि फॉस्फरस त्याच्यावर बसले की तो मरतो. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा एकाच दाव्यावर उभा होता: मी तयार केलेला उत्प्रेरक कच्च्या, न धुतलेल्या तेलावरही टिकतो. आणि मला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. सहा महिन्यांत प्रबंध दिला नाही, तर नोंदणीच रद्द होणार होती.

तेल यायचं झाशीजवळच्या मोठ गावातल्या एका मिलमधून. माझे बाबा मोठला तहसिलीत कारकून होते, त्यामुळे माझ्या पहिल्या पाच यत्ता तिथेच झाल्या. मिलमध्ये तेल शुद्ध करणारे म्हातारे मिस्त्री बाबांच्या शेजारी राहायचे. त्यांना मी चाचा म्हणते आणि ते मला बिन्नू म्हणतात. बुंदेलीत लाडक्या लेकीला असंच हाक मारतात. आमची भेट झाली की दर वेळी एक तमाशा व्हायचा. आमच्या मराठी घरात मोठ्यांच्या पाया पडायची रीत, तर बुंदेलखंडात लेकीच्या पाया मोठे पडतात. मी वाकायची, चाचा मागे सरायचे. ते वाकायचे, मी मागे उडी मारायची. मिलमधली माणसं हसायची. मग चाचा आत जाऊन माझा कॅन भरून आणायचे.

वर्षभर त्या तेलावर माझा उत्प्रेरक असा चालला की मला स्वतःचाच हेवा वाटावा. प्रत्येक कॅनची आम्लता मी तपासत होते. ती हवी तेवढी, भरपूर होती. फॉस्फरसची तपासणी बाहेरून करून आणावी लागते, म्हणून ती फक्त पहिल्या कॅनची केली. फॉस्फरस फारच कमी निघाला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आपके इलाके का माल अच्छा है." मीही मान डोलावली. चांगली बातमी आली की माणूस उलटतपासणी करत नाही, आणि मी तर विज्ञान शिकवणारी बाई.

मग एकदा मी गेले तेव्हा चाचा टहरौलीला पुतणीच्या लग्नाला गेले होते. दुसऱ्या एका कामगाराने कॅन भरून दिला. आठवड्याच्या आत माझा उत्प्रेरक मेला. नळीतून नितळ डिझेलऐवजी पिवळसर, मेणचट काहीतरी यायला लागलं. मी नळी उघडून धुतली, गोळ्या नव्या भरल्या, हायड्रोजनचे सांधे तपासले आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. घरी आईवर खेकसले, वर्गात मुलींवर खेकसले. शेवटी त्या कॅनमधलं तेल तपासायला पाठवलं. अहवालात फॉस्फरस पहिल्या कॅनच्या कितीतरी पट होता, क्षारही भरपूर.

तडक मोठला गेले. चाचा परतले होते. मी म्हटलं की या वेळचा माल खराब होता, तर ते त्या कामगारावर असे कडाडले की अंगणातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"काए रे, बिन्नू खों हौद को माल दै दओ?"

हौदातलाच, न धुतलेला माल तर मला हवा होता! मी विचारलं, "चाचा, आप कहाँ से देते थे?"

मग सगळं बाहेर आलं. चाचा माझ्यासाठी तेल आधीच काढून ठेवायचे. गरम पाणी ओतून ढवळायचे, उन्हात ठेवायचे, खालचं गढूळ पाणी सोडून द्यायचे. असं तीनदा. मग चौपदरी मलमलीतून गाळायचे. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या वेळात.

"क्यों, चाचा?"

"बिटिया खों गंदी चीज कौन देत?" ते म्हणाले. हे विचारायचीही गरज नाही, असा त्यांचा चेहरा होता.

मी ओरडले. आजही सांगायला लाज वाटते. सगळ्या कामगारांसमोर, पांढऱ्या केसांच्या त्या माणसावर ओरडले की मला घाणच हवी होती, घाणीवरच माझी परीक्षा होती, तुम्ही माझं एक वर्ष पाण्यात घातलंत. चाचा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "हमने तुमाओ साल बिगार दओ, बिन्नू?" आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. गरम पाण्याने बोटांची कातडी सोलून निबर झालेली होती. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. कामगार चहा घेऊन आला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

परतताना बसमध्ये एक विचार मनात आला, तो लपवत नाही. हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटचा कॅन विसरून जायचा, आधीचे आकडे लावायचे, प्रबंध देऊन मोकळं व्हायचं. झाशी येईपर्यंत मी हाच हिशेब करत होते. घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं उत्प्रेरक का काय ते मला कळत नाही. पण त्या माणसाने केलेलं काम तू स्वतःच्या नावावर लावणार?" मी रात्रभर झोपले नाही आणि सकाळी सरांपुढे उभी राहिले.

सरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बघितले. मग म्हणाले, "मतलब कैटेलिस्ट में कोई ख़ास बात नहीं है." मी म्हटलं, नहीं सर. हे बोलताना जे वाटलं ते वाटलं. पाच वर्षं मी ज्याचं कौतुक मिरवत होते तो उत्प्रेरक इतर चार उत्प्रेरकांसारखाच होता. फक्त त्याच्या वाटेतले खडे कोणीतरी आधीच वेचून ठेवले होते. सर म्हणाले, "तो फिर धुलाई पर लिखिए. छह महीने हैं."

ते सहा महिने मी दर रविवारी मोठला असायची. चाचा तेल धुवायचे आणि मी थर्मामीटर, घड्याळ, वही घेऊन उभी. पाणी किती गरम हवं? "इत्तो कि तुम उंगरिया डारो तो जर जाए, हम डारें तो नईं." म्हणजे माझं बोट पोळेल, त्यांचं नाही, इतकं. उन्हात किती वेळ? "जब लौं मन माने." त्यांचं मन साधारण सव्वाचार तासांनी मानतं, हे मी मोजून काढलं. मी मोजते आहे हे बघून ते आणखी मन लावून ढवळायचे, मग मला सांगावं लागायचं की चाचा, रोजच्यासारखं करा.

प्रबंध मुदतीच्या नऊ दिवस आधी दिला. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. पहिल्या वर्षाचे आकडे मी वेगळ्या प्रकरणात, 'नकळत धुतलेल्या तेलावरचे' असं स्पष्ट लिहून दिले होते. ते प्रकरण त्यांनी दोनदा उलटलं. पाण्याचं तापमान, क्षारांचं प्रमाण, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "एक बात समझ नहीं आई. मिल का आदमी साल भर अपनी छुट्टी में यह माल धोता रहा. उसे इससे क्या मिलता था?"

प्रत्येक प्रश्नाची तयारी मी केली होती, या एकाची नव्हती. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रबंध मिटून म्हटलं,

"सर, कुछ नहीं. मैं वहाँ की बेटी हूँ."