अर्जदार मीच

मालगुजाराच्या ओसरीखाली मी चपला हातात घेऊन उभी होती. म्हणलं, "कागद वाचू द्या मालक. मी चौथी शिकली. मले सहीबी येते."

तो हसला. दिवाणजी हसला. "आता बाया कागद वाचतीन!" मालकानं माझं मनगट धरलं. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला, जनावराला डाग द्यावा तसा.

कागद माझ्या धाकट्या बहिणीला वेडी ठरवायचा होता. मथी. माय-बाप मेलेले, तिची सख्खी मीच. मालकाच्या पोरानं धानाच्या बांधीत तिची अब्रू घेतली होती. मथी भर बाजारात त्याचं नाव घेऊन ओरडली. आणि मी? मी तिचं तोंड दाबलं. घर मालकाच्या जागेत होतं ना!

"पोरगी चार महिने पागलखान्यात राहीन, शांत होऊन येईन," मालक म्हणाला. त्यानं दोन डॉक्टर आणले. एक म्हणाला, जीभ दाखव. मथी म्हणाली, "या जिभेनंच त आग लागली ना तुमाले?" त्यानं लिहून टाकलं, वेडी. गोंदियाच्या मॅजिस्ट्रेटनं माझा अंगठा पाहिला. मथीकडे पाहिलं नाही.

सात वर्षं गेली. मालगुजारी गेली, मालकाचा तोरा नाही गेला. विचारलं की म्हणे, "ते सरकारच्या हातात आहे." मी मानत राहिली. मूर्ख मी!

शेवटी एकटीच गेली पागलखान्यात. मथीचे केस कापलेले. फरशीवर वाकून, मागं मागं सरकत ती रोवणा करून राहिली होती. हातात धानाचं रोप नाही, खाली चिखल नाही. वर न पाहता म्हणाली, "बाई, तू काऊन नाही नेत मले?"

अजून ऐकू येते ते. भात कालवताना, वेणी घालताना. कुठंही.

तिथल्या बाबूनं फाईल उघडली. "अर्जदार तुम्हीच आहात. तुम्ही लिहून दिलं की सोडता येतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

माझ्याच अंगठ्यानं आत टाकली, आणि चावीही माझ्याजवळच होती. सात वर्षं कोणी बोललं नाही.

बाबूनं अर्ज लिहिला, शाई पुढं सरकवली. "अंगठा लावा."

"नाही. आधी वाचीन. मंग सही करीन."

शब्द न शब्द वाचला. सही केली. बाबू म्हणाला, हुकूम निघाला की न्यायला या.

मालक म्हणेल घर खाली कर. करीन. पण आधी मथीला त्याच्या ओसरीसमोरून नेईन. ती ओरडली तर तिच्या तोंडावर माझा हात जाणार नाही. ती गप राहिली, तर मी ओरडीन. त्याच्या पोराचं नाव घेऊन.