माझ्या बापाबद्दलचं एक वाक्य

"थोडं मोठ्यानं, बाळ. मागे ऐकू येत नाही."

सरांनी माईक माझ्या तोंडाजवळ वाकवला. मी सहावीत होते. सर आमच्या शाळेत शिकवत आणि गावातल्या कुटुंब साहाय्य संस्थेचे सचिवही होते. संस्थेचा वर्धापनदिन होता. समोर खुर्च्यांवर देणगीदार. कडेला सतरंजीवर मदत घ्यायला आलेल्या बायका. त्यांत माझी आई. माझ्या हातात सरांनी लिहून दिलेला कागद. मी मोठ्यानं वाचलं.

"माझे वडील दारू पिऊन आईला मारत. दारूनेच त्यांचा जीव घेतला."

टाळ्या. एका बाईंनी डोळे पुसले. आईला शिलाई मशीन मिळालं.

माझा बाप दारू पीत नव्हता. नांदुऱ्यात कापसाच्या जिनमध्ये तो हमाल होता. छातीत धूळ बसली. खोकत खोकत गेला. मी सरांना आदल्या दिवशी हे सांगितलं होतं. ते हसले. म्हणाले, खोकल्यानं मेलेल्या माणसासाठी कोणाचा हात सैल होत नाही.

त्याच रात्री घरी आईला कागद वाचून दाखवला होता. तिनं चुलीत लाकूड सारलं.

"वाचून टाक, माय. मशीन दुसरीले देतीन नाही तं."

मशीन हातगाडीवरून घरी आणताना ती एकदाच बोलली. "तुह्या बापानं सुपारीचं खांड बी तोंडात टाकलं नाही कधी."

दुसऱ्या दिवशी शाळेत एकानं विचारलं, "काय वं बेवड्याची, क्वार्टर आणली का?" त्याची आई त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होती.

खोटं बोलायचं नाही. त्या मशीननं आम्हाला जगवलं. संस्थेनं मला वह्या दिल्या, कॉलेजची पुस्तकं दिली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. नवऱ्यानं हाकललेल्या कितीतरी बायकांना संस्थेनं उभं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच इतकी वर्षं गप्प होते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मौतीला आलेली शेजारची म्हातारी मला जवळ घेऊन म्हणाली, "बाईनं दारुड्यासंग लय काढलं वं." आई समोर आडवी होती. तेव्हाही मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला अजून खातं.

यंदा संस्थेची स्मरणिका निघणार आहे. सरांनी बोलावून सांगितलं, "इतिहास तू लिही. तू आपल्या संस्थेचीच मुलगी." मला आनंद झाला. मी कपाटातले जुने अहवाल काढून बसले. दर वर्षी एक पोर, एक फोटो, खाली एक मजकूर. नावं वेगळी, वाक्य तेच. ही घरं मला ठाऊक होती: कोणाचा बाप साप चावून मेलेला, कोणाचा विहीर खणताना. अहवालात सगळे दारुडे. माझाही फोटो सापडला. दोन वेण्या, हातात कागद.

त्याच आठवड्यात सरांनी माझ्याकडे सातवीतली एक मुलगी पाठवली. तिच्याकडून वर्धापनदिनासाठी मनोगत पाठ करून घ्यायचं होतं. कागद तोच. तिचा बाप सुरतला कामाला गेला तो परतला नाही. तिनं कागद वाचला आणि हळूच विचारलं.

"ताई, माहे पप्पा तं पेत नाही. तरी बी म्हणा लागते का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही म्हणा लागत."

तिचा कागद मी पर्समध्ये ठेवला आणि सरांच्या घरी गेले. सांगितलं, ही मुलगी स्टेजवर चढणार नाही, आणि तिच्या आईचं मशीनही अडणार नाही. सर दुखावले. खरंच दुखावले. म्हणाले, "इतकं सगळं दिलं तुला. एक वाक्य इतकं जड झालं?"

हो सर. एक वाक्यच जड झालं. माझी आई ते घेऊन मेली.

इतिहास मी लिहून दिला आहे. संस्थेनं केलेलं चांगलं काम सगळं त्यात आहे, एकही गोष्ट गाळलेली नाही. पण पहिली ओळ अशी आहे: माझे वडील दारू पीत नव्हते. त्याखाली त्या सगळ्या बापांची नावं आहेत, आणि ते खरंच कशानं मेले ते.

सर म्हणतात, पहिलं पान काढावं लागेल. काढू द्या. वर्धापनदिनाला मी माईकसमोर उभी राहून ते वाचीन. या वेळी मागपर्यंत ऐकू जाईल.