मेलबर्नच्या रस्त्यावर नागनाथाशी भांडण

नागनाथाचं राज्य औंढ्यापुरतंच आहे की काय, अशी शंका मला साठाव्या वर्षी मेलबर्नमध्ये आली. लेकीच्या बाळंतपणासाठी मी वसमतहून तिथं गेले होते. माझा जन्म हळदीत गेला. शिजवलेली हळद उघड्यावर वाळत घालायची तर आभाळ ओळखता यावंच लागतं, आणि मला ते येतं असा माझा तोरा होता. त्या शहरानं तो पहिल्याच आठवड्यात उतरवला. सकाळी पंखा लावावा असं ऊन, चहा होईस्तोवर पाऊस, जेवायला बसलो की कुडकुडणं. "आई, इथं आभाळाकडं नाही, फोनमध्ये बघायचं असतं," लेक म्हणायची. मला असा राग यायचा! फोनला काय कळतो वाऱ्याचा वास?

नात सव्वा महिन्याची झाली. आमच्याकडं सव्वा महिना झाला की लेकराला पहिल्यांदा बाहेर काढून देवाच्या पायावर घालतात. जावई म्हणाले, "मामी, थंडी सरू द्या, मग देवळात जाऊ." मी हो म्हणाले आणि करायचं तेच केलं. देऊळ लांब असेल, सूर्यनारायण तर समोर होता ना! एका दुपारी जावई कामावर गेलेले, लेक झोपलेली, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पातळ दुपट्यात नातीला गुंडाळलं आणि जवळच्या बागेत नेऊन तिला ऊन दाखवलं. फोन घरीच राहिला.

परतताना घोळ झाला. आपलं घर बागेच्या दक्षिणेला, एवढं जावयांनी सांगितलेलं. दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, हे शेतात राबलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. मी उन्हाकडं तोंड करून निघाले. त्या देशात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे मला कुठलं माहीत! मी घरापासून लांबच जात राहिले. एकसारखी घरं, एकसारखी फाटकं, रस्त्यात चिटपाखरू नाही. तेवढ्यात वारा फिरला, अंधारून आलं आणि तडातडा गारा सुरू झाल्या.

शाल, पदर, सगळं तिच्यावर घालून मी वाकून उभी राहिले. कपडे तरी भिजलेच. रडता रडता ती एकदम गप्प झाली. ओठ निळसर दिसले. नाम सुचेना, मंत्र आठवेना. मी आभाळाकडं बघून जिवाच्या आकांतानं ओरडले, "नागनाथा, काहून छळून राहिला रे? चूक माझी हाय, मला मार! लेकराला काही झालं तर तुझी पायरी चढणार न्हाई मी! जिथं असशील तिथून ये!"

समोरचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची एक उंच म्हातारी भिजत धावत आली आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली. एकमेकींची भाषा कळेना. तिनं नातीचे ओले कपडे भराभर काढले, खुणेनं मला पोलक्याची बटणं सोडायला लावली, लेकरू माझ्या उघड्या छातीशी ठेवलं आणि दोघींवर जाड कांबळं घातलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग नातीनं असं भोकाड पसरलं! मीही मोठ्यानं रडले. लेकीचा तिथला नंबर मला पाठ नव्हता, पण वसमतचा जुना होता, आणि त्यावर तिचं व्हॉट्सॲप अजून चालू होतं. म्हातारीनं आपल्या फोनवरून लेकीला बोलावलं.

"काही झालं असतं म्हणजे, आई?" लेक एवढंच म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही. तिचं बराबरच होतं. पण मी स्वतःला घरात कोंडून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला विचारून, टोपी, छत्री, फोन घेऊन नातीला पुन्हा बाहेर नेलं. फोन बघितला, आणि हट्टानं आभाळही बघितलं.

शरण जावं ते मान खाली घालून, असं सगळे सांगतात. मला तसं जमलं नाही. माझं सगळं शहाणपण संपलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, आणि आता वाटतं, तेच माझं शरण जाणं होतं. गावी आल्यावर औंढ्याला जाऊन पायरीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडले.

परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, त्या आजी अजून विचारतात, त्या दिवशी तुझी आई रस्त्यात उभी राहून कुणावर एवढी ओरडत होती?"

मी म्हणाले, "सांग त्यायला, तुमच्यावरच."