मोहन आता काय ऐकत असेल?

अण्णा गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी चहाला उठत होतो. बंगळुरातल्या शिवाजीनगरात त्यांच्या शिलाईच्या दुकानाला लागून बांगड्यांचं दुकान आहे, तिथून फोन होता. "टेलर अण्णा सकाळी गेले हो. अक्कांनी तुम्हाला पहिलं कळवा म्हटलं," एवढं बोलून त्या माणसाने फोन ठेवला. पहिलं मला... ते का, हे माझ्या लगेच लक्षात आलं. हैदराबादला त्यांच्या मुलाला फोन करायचा होता आणि तो मी करावा अशी अक्कांची, म्हणजे अण्णांच्या बायकोची, इच्छा होती. येलहंक्याहून शिवाजीनगरला पोचायला बसने तासभर लागला, आणि त्या तासात मनात जुळवलेलं एकही वाक्य पुढे उपयोगी पडलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. अण्णांवर लिही, असं दोन-तीन जणांनी सुचवलं होतं. पण अण्णांवर लिहायचं तर माझ्या एका खोटेपणावरही लिहावं लागणार, म्हणून मी आजवर टाळाटाळ केली.

नारायणअण्णा बंगळुरातल्या जुन्या मराठी शिंपी घराण्यातले. घराणं इथे कधी आलं हे त्यांना सांगता येत नसे. मराठी घरात टिकलं होतं, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं. ब्याण्णव साली मी पुण्याहून इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत आलो. नव्या पँटी लांब होत होत्या, म्हणून त्या दुकानात शिरलो. कानात वॉकमन होता आणि त्यात अर्थातच कानठळ्या बसवणारं गिटार. त्या काळी मी तेवढंच ऐकायचो, आणि दुसरं काही ऐकणाऱ्यांची मला कीव यायची. कंबरेचं माप घेता घेता अण्णांनी न विचारता माझ्या एका कानातलं इअरफोनचं बोंड काढलं, स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, पंचावन्नच्या आसपासचं वय. मला वाटलं, आता नाक मुरडणार. तर म्हणाले, "ह्यातला ढोलवाला बरा आहे. पण हा ज्याच्याकडनं शिकला, त्याला ऐकलात काय तुम्ही?" मी नाही म्हटलं. त्यांनी अस्तराच्या गठ्ठ्यामागे हात घालून एक कॅसेट काढली आणि माझ्या पँटीबरोबर बांधून दिली. "सरी, ठीक आहे. ऐकून आणून द्या." मी ती रविवारभर ऐकली, आणि सोमवारी ऑफिस सुटल्यावर पँट ठीक बसत असूनही परत दुकानात गेलो.

अण्णांची शोधायची पद्धत न्यारी होती. इंग्रजी अक्षरं त्यांना लागत, अर्थ लागत नसे. त्यामुळे गाण्यात शब्द काय आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कॅसेटच्या डबीतलं घडीचं कार्ड काढायचं, भिंग लावून कुणी काय वाजवलंय ती मुंगीएवढी नावं वाचायची. त्यातलं एखादं नाव दुसऱ्या कार्डावर सापडलं, की लग्न जमवणाऱ्याला दोन घरांचा एकच मामा सापडावा तसा त्यांना आनंद व्हायचा. नाव सापडलं नाही तर कानावर भिस्त. "कापड वेगळं आहे बघ, पण बेतलंय एकाच हातानं," असं ते म्हणत, आणि नव्वद टक्के वेळा ते खरं निघे. कँटोन्मेंटमधल्या हॉटेलांत संध्याकाळी वाजवणारे काही बँडवाले त्यांच्याकडे सूट शिवत. ते नवी नावं सांगत, कॅसेटी देत. शिवाय दुकानात येणारा प्रत्येक तरुण पोरगा होताच. छातीला टेप लावता लावता अण्णा दोन प्रश्न विचारायचे: एकोणिसाव्या वर्षी काय ऐकत होतास, आणि आता काय ऐकतोस? उत्तर मापांच्या वहीत जायचं. छाती अडतीस, कंबर बत्तीस, आणि त्याखाली देवनागरीत लिहिलेलं एखाद्या इंग्रज बँडचं नाव.

हा सगळा खटाटोप एका भजनी मंडळातल्या शिंप्याला कशाला हवा होता, हे मला पाच-सहा महिन्यांनी अक्कांकडून कळलं. अण्णा देवळात गेले होते आणि दुकानावरच्या त्यांच्या घरात मी उप्पिट्टाची दुसरी बशी संपवत होतो. मोहन त्यांचा एकुलता एक मुलगा. मृदंग छान वाजवायचा. पुढे मित्रांबरोबर गिटार वाजवायला लागला, तोवरही ठीक होतं. मग एका एकादशीला देवळात मोहनचा मृदंग ठरलेला असताना तो आलाच नाही. त्याच दिवशी त्यांच्या बँडचा कुठल्याशा कॉलेजात कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कापडाची कात्री घेतली आणि गिटारच्या सहाही तारा कापल्या. शिंपी माणूस ती कात्री कागदालासुद्धा लावू देत नाही, धार जाते म्हणून! "पात्याला खाचे पडले बघा," अक्का म्हणाल्या, "आणि पोरगं एक शब्द बोललं नाही. दुपारचं जेवलं, कपडे भरले आणि गेलं." मोहन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हैदराबादहून वर्षातून दोनदा त्याचं आईला पत्र यायचं. अण्णा ते वाचत नसत, पण पत्र आल्या दिवशी दोनदा विचारत, "बरा आहे ना?" मागे राहिलेल्या ट्रंकेत त्याच्या अकरा कॅसेटी होत्या. वर्षभराने अण्णांनी त्यातली पहिली लावली, आणि गाणं आहे की गिरणी, म्हणून अर्ध्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावली.

पुढचं मला खुद्द अण्णांनीच सांगितलं. काजं करता करता, मान वर न करता. "पत्र लिहायला बसलं की हातच चालत नाही रे माझा. म्हटलं, एक कॅसेट पाठवायची. पण ती बरोबर पायजे. एकोणीस वर्षाच्या पोराच्या मापानं आज शर्ट शिवला तर बसेल काय त्याला? आवड पण वाढते की." म्हणजे मोहनला तेव्हा जे आवडत होतं त्याच्यावरून आज त्याला काय आवडत असेल, ते अण्णा शोधत होते. मोहन आता काय ऐकत असेल? या एका प्रश्नासाठी हा माणूस चार वर्षं कार्डं वाचत होता, पोरांची मापं घेत होता. ती कॅसेट सापडली की पार्सल करायची, आणि मग मुलगा घरी येईल, असा त्यांचा साधा हिशेब. मला तो वेडगळ वाटला नाही. आजही वाटत नाही.

मग शनिवारची दुपार अण्णांची, असं ठरूनच गेलं. मी मोहनपेक्षा दोन वर्षांनी लहान, सुरुवातीची आवड साधारण तीच, त्यामुळे मी त्यांचा चालताबोलता नमुना झालो. त्यांच्या बोटाला धरून मी त्या दणदणाटातून बाहेर पडलो. तो दणदणाट ज्यांच्यापासून निघाला त्या जुन्या, संथ, रडवेल्या गिटारींपर्यंत आलो. तिथून पितळी वाद्यांकडे, आणि तिथून सॅक्सोफोनवर येऊन पुरता अडकलो. पुण्याची सवय म्हणून मी प्रत्येक कॅसेटवर न मागता मत द्यायचो. अण्णा ते मनापासून ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. माझ्या घरी माझ्या वॉकमनला 'ते तुझं यंत्र' म्हणत. मी काय ऐकतो, हे मला कुणी कधी विचारलेलं नव्हतं. त्या शनिवारांची मी आठवडाभर वाट बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सत्त्याण्णव साली ऑफिसने मला चार दिवस हैदराबादला पाठवलं. अक्कांनी पत्ता दिला. अण्णांनी शपथ घातली. "मी पाठवलं म्हणून सांगायचं नाही. माझं ऐकण्याचं वेड पण सांगायचं नाही. नुसतं कपाट बघून ये, कुठल्या कॅसेटी आहेत." मोहन पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत होता. आईकडची ओळख सांगितल्यावर त्याने आदराने घरात घेतलं, चहा केला. नीटनेटकी खोली, टेबलावर पंपांची माहितीपत्रकं. टेपरेकॉर्डर कुठेच दिसेना. शेवटी मी विचारलंच. "पूर्वी ऐकायचो की," तो हसून म्हणाला, "सोडलं ते. आता नको वाटतं." त्याने रिकामे कप उचलून ठेवले. मग त्याने विचारलं, "बाबांचं भजन चालू आहे ना?" मी "हो" म्हटलं. खोटं नव्हतंच ते. पण तुझा बाप तुझ्या अकरा कॅसेटींच्या मागे लागून अर्धं जग पालथं घालतोय, हे माझ्या जिभेवर आलं होतं आणि शपथेच्या नावाखाली मी ते गिळलं.

परत आलो तेव्हा अण्णा वही उघडून बसले होते. पानावर वर 'मोहन' लिहिलेलं, खाली जुनं माप: छाती चौतीस. "काय बघितलास?" त्यांनी विचारलं. हातातल्या पेन्सिलीला नुकतंच टोक काढलेलं होतं. काहीच ऐकत नाही, सोडलं त्याने, हे त्या चेहऱ्याकडे बघून माझ्याच्याने सांगवेना. मी म्हणालो, "जॅझ, अण्णा. सॅक्सोफोन. कपाट भरलंय." त्यांनी नावं विचारली. मला कुठली येणार? त्या महिन्यात माझ्या स्वतःच्या पिशवीत ज्या कॅसेटी होत्या त्यांचीच नावं मी घडाघडा सांगितली. अण्णांनी ती एकेक करून लिहिली. "अय्यो, बरोबर वाट धरली की पोरानं," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी नाक पुसलं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून बोललेलं खोटं पुण्याचं असतं, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं.

त्यानंतर दोन वर्षं अण्णा सॅक्सोफोनच्या मागे लागले. फक्त एक फरक पडला, नव्या कॅसेटी ते मला ऐकवेनासे झाले. "ही पोराची," म्हणून बाजूला ठेवत. मला थोडं लागायचं. एक तरी पाठवून द्या, असा मी सारखा धोशा लावायचो. "थांब की. हे त्याच्याकडे असणार. त्याच्या पुढचं पायजे," हे त्यांचं उत्तर. शेवट कुठे होणार होता याला? मोहनने ऐकणं सोडलं, असं मी सांगितलं असतं, तर शोध त्याच दिवशी संपला असता. अण्णा आठवडाभर गप्प बसले असते, आणि मग उठून स्वतः हैदराबादच्या गाडीत बसले असते, अशी माझी खात्री आहे. पाठवायला दुसरं काही उरलंच नसतं. ती गाडी मी चुकवली.

अण्णा गेल्याचं मी फोनवर सांगितल्यावर मोहन आला. त्याने सगळं रीतसर केलं. चौदाव्या दिवशी त्याने दुकान उघडलं आणि आवरता आवरता अस्तराच्या गठ्ठ्यांमागून एकेक कॅसेट निघायला लागली. "हे कुणाचं?" त्याने मला विचारलं. मी सगळं सांगितलं. कपाट, शपथ, खोटं, काही ठेवलं नाही. तो बेतायच्या टेबलावर टेकला. मग म्हणाला, "तुम्ही मला त्या दिवशी सांगायला पायजे होतं. मी तुमच्याबरोबरच आलो असतो." मी गठ्ठ्यांमागच्या उरलेल्या कॅसेटी काढून त्याच्यापुढे ठेवत गेलो.

थोड्या वेळाने त्यानेच अण्णांच्या टेपमध्ये एक कॅसेट घातली. आम्ही एक बाजू पूर्ण ऐकली. मोहन अगदी कान देऊन ऐकत होता, परीक्षेला बसल्यासारखा. संपल्यावर म्हणाला, "मला काही लागत नाही ह्यातलं." माझ्याकडे बघितलं तर माझे डोळे भरलेले. अण्णांच्या आठवणीने भरले होतेच, पण खरं सांगायचं तर त्या संगीतानेही भरले होते. इतकं नेमकं मला हवं असलेलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला आवडलं," मोहन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. "मग तुम्हीच न्या." स्वतःच्या जुन्या अकरा कॅसेटी आणि मापांची वही तेवढी त्याने घेतली. अक्कांना घेऊन तो हैदराबादला गेला. परवा अक्कांचा फोन होता. मोहनने टेपरेकॉर्डर आणलाय म्हणाल्या, अजून लावलेला नाही.

उरलेल्या त्रेचाळीस कॅसेटी माझ्या खोलीत आहेत. शनिवारी दुपारी मी त्यातली एक लावतो. आजवर पाच ऐकून झाल्या. पाचही माझ्या मनातलं ओळखून निवडल्यासारख्या आहेत, एकही चुकलेली नाही. चुकेल कशी? नावं माझीच होती. बापाने मुलाचं मन शोधावं तसं कुणीतरी दोन वर्षं माझं मन शोधत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. प्रत्येक डबीच्या पाठीवर अण्णांच्या तिरप्या अक्षरात, निळ्या पेन्सिलीने, एकच शब्द लिहिलेला आहे: मोहनसाठी.